घरच्या घरी काचेचे मणी: पहिल्या ज्योतीपासून पहिल्या माळेपर्यंत

काचेचे मणी म्हटलं की आपल्याला आधी आठवते ती काळी पोत. पण तसले बारीक, एकसारखे मणी घरी करायच्या भानगडीत पडू नका. ते ओढीव काचेचे असतात. वितळलेल्या काचेच्या पोकळ गोळ्यातून लांबच लांब नळी ओढायची, तिचे बारीक तुकडे पाडायचे आणि तुकड्यांच्या धारदार कडा पुन्हा तापवून गोल करायच्या, असं ते काम. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला दोन हजार वर्षांपूर्वी असे मणी होत होते, आणि तिरुपतीजवळच्या पापनायडूपेट गावात ही पद्धत विसाव्या शतकातही चालू होती. आपल्याकडे नेवासे, तेर आणि कोल्हापूरची ब्रह्मपुरी इथल्या उत्खननांत काचेचे मणी सापडलेले आहेत. ओढीव मण्यांना मोठी भट्टी आणि चार-पाच जाणते हात लागतात.

घरी जमतो तो गुंडाळीव मणी. काचेची कांडी ज्योतीत मऊ करायची आणि लेप दिलेल्या पोलादी सळईवर गुंडाळायची. सळई काढली की भोक तयार. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातलं पुर्दिलनगर काचेच्या मण्यांसाठी ओळखलं जातं. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर १२९१ मध्ये शहरातल्या काचेच्या भट्ट्या हलवल्या गेल्या, आणि आज घरगुती मणी करणारे जगभरात जी मऊ काच वापरतात तिचं एक मोठं माहेर तेच बेट आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो. नवीन माणूस पहिले पैसे रंगांवर घालवतो. चाळीस रंगांच्या कांड्या येतात, आणि मणी मात्र आठवड्याभरात तडकतात. पहिले पैसे डोळ्यांच्या चष्म्यावर आणि मणी सावकाश निववण्याच्या सोयीवर घाला. रंग चार पुरेत: पांढरा, काळा, एक पारदर्शक निळा आणि एक तुमच्या आवडीचा.

काच निवडताना

काच तापली की प्रसरण पावते, निवली की आकसते. ती किती प्रसरण पावते याचा एक आकडा असतो, त्याला सीओई म्हणतात. एका मण्यात वापरलेल्या सगळ्या काचांचा हा आकडा जुळला पाहिजे. नाही जुळला तर एक काच जास्त आकसते, दुसरी कमी, आणि मणी कधी लगेच, कधी महिन्याभरानं, डब्यात पडल्या पडल्या फुटतो.

शिकायला १०४ आकड्याची मऊ सोडा-लाइम काच घ्या. मुरानोच्या इफेत्रे कंपनीच्या कांड्या (पूर्वी मोरेत्ती म्हणून ओळखल्या जायच्या) याच आकड्याच्या. जाडी साधारण ५ ते ६ मिलिमीटर. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळणारी ढवळायची काचेची कांडी स्वस्त पडते, पण ती बोरोसिलिकेट असते. तिचा आकडा ३३, आणि ती मऊ व्हायला ऑक्सिजनची ज्योत लागते. ती या काचेत मिसळायची नाही. ९० आणि ९६ हे आकडे बहुतेक करून भट्टीत सपाट तुकडे जोडणाऱ्यांच्या काचेचे. बाटलीची काच तर कुठल्याच आकड्याच्या भरवशाची नाही. तिचं काय करायचं ते पुढं येईलच.

कांड्यांवरची चिठ्ठी हरवली असेल तर एक जुनी परीक्षा आहे. दोन काचांची टोकं तापवून एकमेकांशेजारी चिकटवा, नीट एकजीव होऊ न देता जोडगोळी मऊ करा आणि चिमट्यानं धरून वीतभर बारीक तार ओढा. निवल्यावर तार सरळ राहिली तर जोडी जुळली. एका बाजूला वाकली तर नाही, आणि ज्या बाजूला वाकली ती काच जास्त आकसणारी.

ज्योत आणि गॅस

मणी करताना दोन्ही हात अडकलेले असतात, एका हातात सळई, दुसऱ्यात कांडी. म्हणून टॉर्च टेबलाला घट्ट बसवलेला हवा आणि ज्योत तुमच्यापासून दूर, किंचित वरच्या दिशेनं जाणारी हवी. स्वयंपाकघरातला पुडिंग भाजायचा छोटा ब्यूटेन टॉर्च अपुरा पडतो. सोनाराची गन चालू शकते, पण तिला पक्कं धरून ठेवणारा शिकंजा लागेल.

नवशिक्यांसाठी सोयीचा म्हणजे हॉट हेड नावाचा टॉर्च. त्याला वेगळा ऑक्सिजन लागत नाही, हवा तो स्वतःच ओढून घेतो. एसी-फ्रिजचे मेकॅनिक तांब्याचे पाइप जोडायला मॅप गॅसचा जो पिवळा डबा वापरतात, त्यावर तो बसतो. घेण्याआधी टॉर्चचे आटे आणि डब्याचे आटे जुळतात का ते दुकानातच बघा. डबा सलग बराच वेळ चालला की थंड पडतो आणि ज्योत मंदावते. मग थोडा वेळ थांबायचं. डबा गरम पाण्यात ठेवणं किंवा शेकणं हे उद्योग करायचे नाहीत.

स्वयंपाकाचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर या कामाला जोडू नका. तो घरगुती स्वयंपाकासाठीच द्यायचा नियम आहे, शिवाय त्याच्या रेग्युलेटरमधून येणारा दाब या टॉर्चला पुरत नाही. रेग्युलेटर बदलून जुगाड करणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ते बघून सोडून द्या.

कोरोनाच्या काळात घेतलेली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्रं अजून बऱ्याच घरांत कपाटावर पडून आहेत. परदेशात हौशी लोक तसलंच यंत्र जोडून ऑक्सिजनची ज्योत वापरतात. हा रस्ता दुसऱ्या वर्षीचा समजा. त्याला वेगळा टॉर्च, ज्योत उलटी नळीत शिरू नये म्हणून फ्लॅशबॅक अरेस्टर आणि ऑक्सिजनच्या जोडांना तेल-ग्रीसचा हातही न लावण्याची शिस्त लागते. हे सगळं कोणाकडून तरी समोर उभं राहून शिकावं.

सळया, लेप आणि चष्मा

सळया विकत आणायला परदेशी दुकान धुंडाळायची गरज नाही. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात एसएस ३०८ किंवा ३१६ ची टिग फिलर रॉड मागा, १.६ आणि २.४ मिलिमीटरची. मीटरभर लांब मिळते. तिचे २५ ते ३० सेंटिमीटरचे तुकडे करा, टोकं कानशीनं घासून गुळगुळीत करा. तांब्याचा मुलामा दिलेली साधी लोखंडी रॉड माथी मारतील, ती नको. मुंबईत नागदेवी भागात आणि पुण्यात रविवार पेठ-भवानी पेठेच्या अंगाला ही खरेदी सहज होते.

लेप म्हणजे सळई आणि काच यांच्यामध्ये राहणारा मातीचा थर. तो नसेल तर काच सळईला कायमची चिकटते. तयार लेप बीड रिलीज या नावानं मिळतो. भट्टीच्या फळ्यांना लावायचा किल्न वॉश हाही अल्युमिना आणि चायना क्ले यांचाच असतो, तोही बहुतेक वेळा चालून जातो. कोरडी पूड उडवू नका, फुप्फुसांना वाईट. ओलं करून कालवा. चमचा बुडवून काढला की त्यावर न ओघळणारा पातळ थर राहील इतपत दाट हवा. सळईचं टोक पॉलिश पेपरनं खरवडून पुसा, चार-पाच सेंटिमीटर लेपात बुडवा, सरळ वर काढा आणि वाळूनं भरलेल्या डब्यात उभी खोचून रात्रभर वाळू द्या. लेप जिथं जाड-बारीक बसेल तिथं मण्याचं भोकही तसंच वेडंवाकडं होणार.

चष्म्यात कंजुषी नको. तापलेल्या काचेतला सोडियम झगझगीत पिवळा उजेड टाकतो. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर मण्याऐवजी फक्त पिवळा जाळ दिसतो. डिडिमियम काचेचा चष्मा हा पिवळा नेमका गाळतो, आणि अचानक मण्याची कड, थेंबाचा आकार, सगळं स्वच्छ दिसायला लागतं. गॉगलनं हे काम होत नाही. उडणाऱ्या कपच्यांपासूनही हाच चष्मा वाचवतो.

बाकीचं सामान किरकोळ: ग्राफाइटची छोटी पाटी (सोनारकामाच्या सामानाच्या दुकानात ग्राफाइटचा तुकडा मिळतो), लांब दांड्याचा चिमटा, पक्कड, पाण्याचं स्टीलचं भांडं आणि कांड्या टेकवायला खाचा पाडलेली लोखंडी पट्टी.

जागा

टेबलावर सिमेंट शीट किंवा कडप्पा टाका. पाठीमागून हवा येईल आणि समोरच्या खिडकीतल्या एक्झॉस्ट पंख्यानं बाहेर जाईल अशी बैठक करा. छताचा पंखा बंद. तो ज्योत हलवतो आणि मणी एका बाजूनं निववतो. पडदे, कॅलेंडर, थिनरची बाटली, सगळं हलवा. अंगात सुती कपडे, केस बांधलेले, ओढणी-पदर खोचलेला, पायात बंद चपला. सिंथेटिक कापडावर काचेचा थेंब पडला तर ते वितळून कातडीला चिकटतं.

एलपीजी आणि मॅप दोन्ही वायू हवेपेक्षा जड. गळती झाली की ते जमिनीलगत साचतात, म्हणून तळघरात किंवा खालून हवा न जाणाऱ्या खोलीत हे काम नाही. प्रत्येक वेळी जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा. हाताशी अग्निशामक ठेवा. भाजलंच तर अंगठी काढा आणि वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावायचं नाही. आणि लक्षात ठेवा, काच लाल दिसायची थांबली म्हणजे ती निवली असं नाही. सगळ्यात जास्त चटके अशाच साध्या दिसणाऱ्या कांडीच्या टोकाचे बसतात.

पहिला मणी

एकच रंग घ्या, शक्यतो पारदर्शक निळा. पांढरी आणि हस्तिदंती काच फार पटकन पातळ होते, काळी तर त्याहून. निळी जरा दमानं घेते आणि आत काय चाललंय ते दाखवते.

१. ज्योत पेटवून गॅस असा ठेवा की पिवळी टोकं दिसणार नाहीत, निळे सुळे आखूड आणि स्पष्ट असतील. पिवळी, धुरकट ज्योत काचेवर करडे डाग पाडते. काम करायची जागा निळ्या सुळ्यांच्या थोडी पुढं, त्यांच्या आत नाही.

२. कांडीचं टोक ज्योतीच्या लांबच्या कडेला आत-बाहेर करत तापवा. एकदम मध्ये खुपसलं तर टक् आवाज येऊन कपची उडते. दहा-पंधरा सेकंदांत टोक केशरी व्हायला लागतं, मग कांडी आत घ्या आणि फिरवत राहा. टोकाची धार आधी बोथट होते, मग ती स्वतःच गोल होऊन पुढं गोळा जमतो. वाटाण्याएवढा गोळा पुरे. फिरवणं थांबवलं की तो लगेच खाली लोंबायला लागतो, तेवढ्यावरून काच किती मऊ आहे ते कळतं.

३. त्याच वेळी दुसऱ्या हातातली सळई ज्योतीच्या मागच्या भागात, गोळ्याच्या पलीकडे धरा. लेप आधी ओलसर दिसेल, मग कोरडा, मग मंद लाल. लाल झाल्याशिवाय काच लावायची नाही. गार लेपावर काच बसत नाही, आणि बसली तरी मणी सळईवर गरगर फिरायला लागतो.

४. गोळा सळईला काटकोनात टेकवा आणि सळई आपल्यापासून लांबच्या दिशेनं हळू फिरवा. कांडी ढकलू नका, सळईलाच काच ओढून घेऊ द्या. या क्षणी काच काकवीसारखी हवी: धार धरणारी, पण थेंब थेंब गळणारी नाही. एक पूर्ण वेढा झाला, काचेनं काचेला गाठलं, की कांडी किंचित मागं ओढा. मधे बारीक तार राहील. ती ज्योतीत जाळून तोडा. ओढून तोडलीत तर मण्याला शेपूट राहतं.

५. आता मणी बेढब असेल, एका बाजूला फुगलेला. ज्योतीत घ्या आणि सळई सावकाश, एकाच वेगानं फिरवत राहा. काचेला गोल व्हायची ओढ असते, तुम्ही फक्त तिला खाली ओघळू द्यायचं नाही. ओघळलीच तर जड बाजू वर घ्या, तिथंच क्षणभर थांबा आणि पुन्हा फिरवायला लागा. सळई आडवी, जमिनीला समांतर हवी. बहुतेकांचे सुरुवातीचे मणी एका अंगाला कललेले येतात ते सळई तिरपी धरल्यामुळे.

६. टोकांकडे बघा. चांगल्या मण्याची काच भोकाशी आत वळलेली असते, छोटी खळी पडल्यासारखी. तुमच्या मण्याच्या टोकांना सुळके आले असतील तर रुंदीच्या मानानं काच कमी पडली आहे. मध्यावर अजून थोडी काच चढवा आणि पुन्हा गोल करा, सुळके आत ओढले जातात. हे न करता सोडलेले सुळके नंतर दोरा कापतात, म्हणून हा भाग सौंदर्याचा कमी आणि टिकाऊपणाचा जास्त.

७. मनासारखा झाला की ज्योतीच्या अगदी मागच्या, मवाळ भागात आणून पाऊण-एक मिनिट फिरवत ठेवा, म्हणजे बाहेरचा आणि आतला भाग जवळपास सारख्या तापमानाला येतील. मग ज्योतीबाहेर, तरीही फिरवत. लाली गेली, आकार हलायचा थांबला, की लगेच निववायला.

पहिल्या काही बैठकांत एवढंच करा. १० ते १२ मिलिमीटरचा, एका रंगाचा, दोन्ही टोकांना खळी असलेला मणी. ठिपके, फुलं, पानं यांची घाई झालेल्या माणसाचे मणी लांबून ओळखू येतात: नक्षी सुरेख, बूड वाकडं.

निववणं

तापलेला मणी टेबलावर ठेवलात तर बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर. आतला आकसायला बघतो, बाहेरचा त्याला जागा देत नाही. हा ताण काचेत कोंडून राहतो. मणी दिसायला धडधाकट, पण एखाद्या दिवशी बेसिनमध्ये गार पाणी पडलं की दोन तुकडे.

खरा उपाय एकच, विजेची छोटी भट्टी. १०४ च्या काचेसाठी ती साधारण ५१० ते ५२० अंश सेल्सिअसला ठेवायची, झालेला मणी सळईसकट आत सरकवायचा आणि दुसरा करायला घ्यायचा. शेवटचा मणी आत गेल्यावर अर्धा ते एक तास तेच तापमान राखायचं. मग ताशी ५०-६० अंशांच्या वेगानं चारशेच्या खाली आणायचं, आणि त्यानंतर भट्टी बंद करून दार न उघडता सकाळपर्यंत तशीच ठेवायची. याला अनीलिंग म्हणतात. मण्यांसाठी बनवलेली भट्टी महाग पडते. प्रयोगशाळेत वापरतात ती लहान मफल फर्नेस चालते, फक्त तिच्या कंट्रोलरला तापमान टप्प्याटप्प्यानं उतरवता येतं ना हे विचारून घ्या.

एवढा खर्च सुरुवातीला नको असेल तर मधला मार्ग आहे. स्टीलच्या डब्यात रोपवाटिकेत मिळणारं व्हर्मिक्युलाइट भरा, किंवा सिरॅमिक फायबरच्या घडीत मणी दाबून ठेवा. यानं मणी हळू निवतो आणि लगेच तडकत नाही. पण हे अनीलिंग नव्हे. असे साठवलेले मणी नंतर एकदम भट्टीत घालता येतात: गार भट्टीत ठेवायचे, ताशी २०० अंशांहून कमी वेगानं ५१०-५२० पर्यंत चढवायचं, आणि पुढचं सगळं वर सांगितल्याप्रमाणे. तुमच्या शहरात मातीकामाचा स्टुडिओ असेल तर ते भट्टी भाड्यानं देतात का विचारा. पाच-सहा जणांनी मिळून एका वेळचे मणी लावले तर खर्च मामुली येतो. भट्टीत न गेलेला मणी कोणाला भेट देऊ नका, विकू तर नकाच.

ताण राहिलाय का हे घरीच बघता येतं. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. आता पारदर्शक मणी पाण्याच्या छोट्या काचेच्या वाटीत ठेवून गॉगल आणि पडदा यांच्या मधे आणा. मण्यात उजळ पट्टे किंवा चांदणीसारखे डाग दिसले तर तिथं ताण आहे. अपारदर्शक काचेला ही युक्ती लागू नाही.

काढणं आणि धुणं

भट्टीतून आलेल्या सळया पाण्यात भिजत घाला. लेप मऊ पडतो. सळईचं टोक पक्कडीत, मणी ओल्या फडक्यात, आणि पिळत पिळत सोडवा. ओढाताण नको. भोकात राहिलेला लेप हिऱ्याच्या कणांच्या टोकदार रीमरनं, पाण्याखाली धरून खरवडायचा. कोरडं खरवडू नका, ती धूळ श्वासात जायला नको. भोकात पांढरी पूड राहिलेला मणी पारदर्शक असेल तर कायम मळका दिसतो, आणि ती पूड गळ्याला घासते.

रंगांच्या खोड्या

दोन काचांचे ठिपके टाकायला लागलात की रंग आपापले स्वभाव दाखवतात. काळ्या काचेची बारीक तार ओढा आणि उजेडात धरा, ती जांभळी निघेल. बहुतेक काळ्या कांड्या म्हणजे अतिशय गडद जांभळी काच असते, म्हणून पांढऱ्यावर पातळ काळी रेघ ओढली की कडेला जांभळट छटा येते. लाल काच तापल्यावर काळपट दिसते आणि निवताना पुन्हा लाल होते, तेव्हा घाबरून जास्त तापवू नका. फिरोजी रंग धुरकट ज्योतीत तपकिरी-लालसर पापुद्रा धरतो. हस्तिदंती आणि फिरोजी शेजारी आले तर दोहोंच्या मधे गडद रेघ उमटते. पुष्कळ जण ती मुद्दाम उमटवतात.

ठिपक्यांसाठी आधी बारीक तारा ओढून ठेवा: वाटाण्याएवढा गोळा तापवायचा, ज्योतीबाहेर घ्यायचा, दोन सेकंद थांबायचं आणि चिमट्यानं टोक धरून एका लयीत ओढायचं. हळू ओढलं तर जाड तार, भरभर ओढलं तर केसासारखी. दीड-दोन मिलिमीटरची तार ठिपक्यांना उत्तम. मणी ज्योतीखाली, तार ज्योतीच्या कडेला, टेकवा, ज्योतीनं तोडा. समोरासमोरचे ठिपके आधी, मधले नंतर, म्हणजे अंतरं सारखी पडतात.

मणी झाले, आता त्यांचं काय

मणी साठायला लागले की ओवायचं कसं हा प्रश्न येतो, आणि खरं तर ओवणं मणी करण्याच्या आधी शिकायला हरकत नाही. त्याला ज्योत लागत नाही, खर्च थोडा, आणि कोणता मणी किती मोठा हवा याचा अंदाज येतो. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर अशा ठिकाणी दोरे, सुया, तयार बारीक मणी सगळं मिळतं. बारीक मण्यांचे आकडे उलटे असतात: ११ नंबर म्हणजे साधारण २ मिलिमीटर, ८ नंबर ३, आणि ६ नंबर ४ मिलिमीटर. आकडा मोठा, मणी लहान.

हाताच्या काचमण्यांची माळ नुसती ओवू नका, गाठवून घ्या. पटवेकरी मंगळसूत्र गाठवताना जे करतो त्यातलं थोडंसंच: प्रत्येक मण्यानंतर एक गाठ, आणि ती सुईच्या टोकानं मण्याशी अगदी लगत सरकवायची. दोन फायदे होतात. मणी एकमेकांवर आपटत नाहीत, आणि दोरा तुटला तर एकच मणी पडतो. दोरा नायलॉनचा, मेण लावलेला. भोकाची कड आधी बोटानं चाचपा, खरखर लागली तर रीमर फिरवा.

बारीक मण्यांचं तोरण किंवा चौरंगापुढची महिरप करायची असेल तर एक लांब दोरा आणि त्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया घ्या. चार मणी ओवून शेवटच्या मण्यातून दोन्ही सुया उलट-सुलट आरपार काढा, चौकट तयार होते. मग एका सुईवर दोन, दुसरीवर एक मणी घ्यायचा, दुहेरीतल्या शेवटच्या मण्यातून दुसरी सुई उलटी काढायची, की पुढची चौकट. एवढीच कृती पुढं चालवायची. तुमचे मोठे मणी खालच्या लोंबत्या झालरीत छान दिसतात, कारण तिथं ते सारख्या मापाचे नसले तरी चालतं. मुलांना हे काम द्यायला चांगलं, पण घरात तीनेक वर्षांचं पोर असेल तर मण्यांचा डबा उंचावर ठेवा.

आणि बाटल्यांची काच. पश्चिम आफ्रिकेत घानामध्ये क्रोबो लोक टाकाऊ बाटल्यांची पूड करून मणी भाजतात. मातीच्या साच्यात खळगे असतात, त्यांना आतून पांढऱ्या मातीचा लेप. खळग्यात काचेची पूड भरतात आणि मधोमध कसाव्याचा देठ उभा करतात, म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच झाडाचा. भट्टीत देठ जळून जातो आणि भोक मागं राहतं. ज्योत नसूनही मणी करायची ही पद्धत भट्टी असलेल्याला घरी जमण्यासारखी आहे. देठाऐवजी बांबूची टूथपिक चालते.

एका मण्याला एकाच बाटलीची काच, हा नियम इथं सोडायचा नाही, कारण दोन कारखान्यांच्या बाटल्यांचा सीओई जुळेलच असं नाही. लेबल भिजवून काढा, बाटली धुऊन वाळवा, जाड गोणपाटात गुंडाळून लोखंडी खलबत्त्यात कुटा. अंगणात किंवा गच्चीत, डोळ्यांवर गॉगल, नाका-तोंडावर एन-९५ मास्क, हातात जाड मोजे. कुटलेली काच मैद्याच्या नाही, रव्याच्या चाळणीतून चाळा. अगदी बारीक पूड भाजल्यावर दुधी होते, रव्याएवढे दाणे बाटलीचा रंग बराच राखतात. खलबत्त्याचे लोखंडी कण लोहचुंबक फिरवून काढा, नाहीतर मण्यात काळे ठिपके येतात. तो खलबत्ता आणि ती चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही. खळगा काठोकाठ भरा, कारण दाणे वितळले की पूड बरीच खाली बसते. बाटलीची काच या कांड्यांपेक्षा उशिरा मऊ होते, त्यामुळे भट्टी आठशे अंशांच्या आसपास न्यावी लागते, आणि उतरताना तिचं अनीलिंगही १०४ च्या काचेपेक्षा वरच्या तापमानाला, साधारण साडेपाचशेला, करावं लागतं. पहिल्या खेपेला एकाच साच्यात तीन-चारच मणी लावा, निकाल बघा, आणि कोणत्या बाटलीची काच किती अंशांना कशी आली ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या खेपेला तीच बाटली पुन्हा मिळवायची असते.